ट्रिनिटी नदीवर स्टीलहेडला जाताय? लायसन्स सोपं आहे, सगळे अडकतात ते कार्डात

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की बे एरियातल्या आपल्या ओळखीतल्या दोघा-तिघांचा फोन येतोच, दादा ट्रिनिटीवर चाललोय, लायसन्स काढलंय, अजून काही लागतं का. मी विचारतो कार्ड काढलं का, तर म्हणतात कसलं कार्ड. पाच तास गाडी चालवून जायचं, गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायचं आणि एका कागदापायी वॉर्डनकडून दंडाची पावती घेऊन परत यायचं, हे बघवत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. ट्रिनिटी ही उत्तर कॅलिफोर्नियातली नदी, आणि स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परत येणारा रेनबो ट्राउट मासा.

लायसन्सचं आधी उरकतो. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं, कॅलिफोर्नियाच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर नाहीतर फिशिंगच्या दुकानात मिळतं. मासा धरून लगेच सोडणार असाल तरी लागतं, कारण नियमात मासा धरायचा प्रयत्न करणंसुद्धा मोजलं जातं. रेसिडेंट म्हणजे अर्जाच्या आधी सलग सहा महिने कॅलिफोर्नियात राहिलेला माणूस, इथे ग्रीन कार्डचा संबंध नाही, एच-वन वाले उगाच घाबरून नॉन-रेसिडेंटचे जास्तीचे पैसे भरतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना सहा महिने झालेले नसतात, त्यांचं नॉन-रेसिडेंट किंवा एक दिवसाचं काढा, ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. बाबांनी नुसता दोन मिनिटं रॉड हातात धरला तरी ते फिशिंगच, हे लक्षात ठेवा.

आता कार्ड. स्टीलहेड रिपोर्ट कार्ड म्हणून वेगळं विकत घ्यावं लागतं आणि ते स्टीलहेडच्या मागे जाणाऱ्या प्रत्येकाला लागतं, १६ च्या खालच्या मुलांनासुद्धा. मुलांना लायसन्स नको म्हटल्यावर आईवडील समजतात की काहीच नको, इथेच चूक होते. वर्षातून दोन शनिवार लायसन्सशिवाय फिशिंग करू देतात, त्या दिवशीही कार्ड हवंच. आणि "आम्ही तर साध्या ट्राउटसाठी आलोय" हे सांगून सुटका होत नाही, कारण समुद्रात जाऊन परत येणाऱ्या माशांच्या नदीत १६ इंचांपेक्षा मोठा रेनबो ट्राउट सापडला की नियमाने तो स्टीलहेडच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तारखेत. २०२३ पासून लायसन्स घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, त्याआधी ते ३१ डिसेंबरला संपायचं. कार्ड मात्र अजून कॅलेंडर वर्षाचंच आहे. म्हणजे ऑक्टोबरात दोन्ही एकदम घेतलं तर लायसन्स पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आणि कार्ड ३१ डिसेंबरला खलास, आणि स्टीलहेडचा सीझन नेमका हिवाळ्यातला. ख्रिसमसच्या सुट्टीत ३० डिसेंबर ते २ जानेवारी राहणार असाल तर दोन वर्षांची दोन कार्डं लागतात. एकाच खात्याने एकाच काउंटरवर विकलेल्या दोन कागदांची मुदत अशी वेगवेगळी ठेवायची आणि चुकलं की दंड सामान्य माणसाला, हे मला अजिबात पटत नाही, पण नियम आज असा आहे.

कार्ड भरायचंही पाण्यात उतरायच्या आधी सुरू होतं. तारीख आणि जागेचा कोड गळ टाकायच्या आधी लिहायचा, मासा ठेवला तर त्याच क्षणी नोंद करायची, रात्री मोटेलवर बसून आठवून नाही. पेन न्या, पेन्सिल नको.

ठेवायचा तो फक्त हॅचरीचा मासा. १९६३ ला लुइस्टन धरण झालं तेव्हापासून मासे त्याच्या वर जाऊच शकत नाहीत, म्हणून धरणाच्या पायथ्याशी हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र आहे आणि तिथल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापून मग ती नदीत सोडतात. पर नाही आणि तिथे भरलेली जखम दिसते, तर हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो जंगली, पाण्याबाहेर न काढता सोडा. गळाला उलटा काटा असलेला हुक चालत नाही, पक्कडीने तो काटा दाबून सपाट करा.

सॅमनसाठी परत वेगळं कार्ड, नॉर्थ कोस्ट सॅमन रिपोर्ट कार्ड, क्लॅमथ, ट्रिनिटी आणि स्मिथ या नद्यांसाठी. पण ते घ्यायच्या आधी यंदा सीझन आहे का बघा. २०२३ आणि २०२४ ला समुद्रातली सॅमन फिशिंग बंद होती आणि क्लॅमथ-ट्रिनिटीत शरद ऋतूत येणारा फॉल किंग सॅमनही बंद होता. उघडं असलं तरी मोठ्या माशांचा कोटा असतो, तो सीझनच्या मधेच संपू शकतो, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी परत तपासा.

फ्लायवाल्यांना, म्हणजे किड्यासारखा दिसणारा नकली गळ वापरणाऱ्यांना, धरणाखालचा पट्टा आवडतो, लुइस्टन धरणापासून २५० फूट खाली ते जुन्या लुइस्टन पुलापर्यंत. तिथे फक्त फ्लाय आणि तेही १ एप्रिल ते १५ सप्टेंबर, म्हणजे हिवाळ्यात तो पट्टा बंद, बाकीच्या नदीवर जा. खाली हूपा या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) जमातीची जमीन लागते, तिथे त्यांचे स्वतःचे नियम आहेत, राज्याचं लायसन्स आहे म्हणून सरळ उतरू नका.

आणि पाणी. हिवाळ्यात धरणातून साधारण ३०० क्युसेक सोडतात, उन्हाळ्यात ४५०, पण विसर्ग वाढवतात तेव्हा काठावरचा माणूस बेसावध असतो. विषम वर्षांत ऑगस्टच्या शेवटी हूपा लोकांच्या बोट डान्स या पारंपरिक विधीसाठीही मुद्दाम जास्त पाणी सोडतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको, विसर्गाचं वेळापत्रक बघूनच उतरा.

शेवटची अडचण ३१ जानेवारीची. संपलेल्या वर्षाचं कार्ड त्या तारखेपर्यंत खात्याला कळवावंच लागतं, एकही मासा मिळाला नाही तरी, एकदाही गेला नाहीत तरी. मुलाचं कार्ड वेगळं, त्याचा रिपोर्टही वेगळा. ऑनलाइन भरलं की कन्फर्मेशन नंबर येतो, तो कार्डावर लिहा आणि मुदतीनंतर ९० दिवस कार्ड टाकू नका. दुकानात एकदा आणि साइटवर एकदा अशा दोन प्रोफाइल झाल्या असतील तर कार्ड कुठल्या गो आयडीवर (खात्याने दिलेला ग्राहक क्रमांक) आहे ते आधी बघा. कार्ड नदीत वाहून गेलं असेल तर गप्प बसू नका, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन डुप्लिकेट मिळतं, त्याची थोडी फी भरा.