उत्तर पाठ असतं, पण ऐन वेळी सुचत नाही

सिगारेटने शरीराचं काय होतं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विचारा. फुप्फुसं, हृदय, कर्करोग, सगळं घडाघडा सांगतील. त्याच संध्याकाळी दोन मित्रांसमोर कुणी सिगारेट पुढे केली, तर यातलं काही आठवेलच असं नाही. माहिती कमी पडली म्हणून हे होत नाही.

मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांपुढचे प्रौढ संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळले. काही एकटे, काही मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. किशोरवयात मित्रांच्या शाबासकीने मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा लगेच उसळते, आणि तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून शांत वर्गात दिलेलं बरोबर उत्तर हा आरोग्यशिक्षणाचा पुरावा मानता येत नाही.

यावर उपाय सरावाचा. ४० मिनिटांच्या तासात माहितीला १० मिनिटं पुरे. पुढची पाच मिनिटं प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं: ‘जर अमुक घडलं, तर मी तमुक म्हणेन.’ ‘मी ठाम राहीन’ असं लिहिलेलं चालणार नाही. तोंडाने उच्चारायचे नेमके शब्द हवेत. मग तिघांचे गट करावेत. एक जण आग्रह करतो, दुसरा त्याला साथ देतो, तिसरा नकार देतो. दीड मिनिटाने भूमिका बदलायच्या, म्हणजे तिन्ही फेऱ्या पाच-सहा मिनिटांत होतात. थोडं बोलून पुन्हा तिन्ही फेऱ्या घ्याव्यात, कारण पहिल्या वेळी बहुतेकांचं वाक्य अडखळतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका गटाला फळ्यासमोर उभं करणं. आग्रह करणारा नाटक रंगवतो, वर्ग हसतो, टाळ्या त्याला पडतात, आणि नकार देणारा सगळ्यांसमोर हरतो. शिकवायचं होतं त्याच्या नेमकं उलट शिकवलं जातं. म्हणून सगळे गट एकाच वेळी, प्रेक्षकांविना. आग्रहाची वाक्यं शिक्षकांनीच चिठ्ठीवर लिहून द्यावीत. नकाराला कारण जोडू नये, हेही सांगावं. ‘आज सर्दी आहे’ म्हटलं की ‘मग उद्या घे’ हे उत्तर तयारच असतं. ‘नको, मी घेत नाही’ एवढंच, तेच शब्द पुन्हा, आणि तिथून निघायचं.

लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तेव्हा एक गोष्ट स्पष्ट शब्दांत बोललीच पाहिजे: कुणाला नकार देता आला नाही, तरी दोष अत्याचार करणाऱ्याचाच. हे राहून गेलं, तर नकाराचा सराव पीडित मुलावरच आरोप होऊन बसतो.

भीती दाखवण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी धाक घालण्याचे कार्यक्रम चालत. त्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा त्यांत गेलेल्या मुलांकडून पुढे जास्त गुन्हे घडल्याचं दिसलं. ‘हल्ली सगळीच मुलं व्यसनाकडे वळताहेत’ हे वाक्यही असंच घातक आहे. चिंतेपोटी बोललेलं असलं, तरी मुलाच्या कानावर ‘सगळे करतात’ एवढंच पडतं. मानसशास्त्रज्ञ डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना १९९३ च्या अभ्यासात आढळलं, की आपल्याला दारूबद्दल जितकं अवघडलेपण वाटतं तितकं इतरांना वाटत नाही, असा विद्यार्थ्यांचा समज होता. आतून बहुतेक सारखेच होते. मात्र हा गैरसमज दूर करायला वर्गात हात वर करायला सांगू नका. शेजाऱ्याकडे बघूनच हात वर होतात.

मुलांनी निनावी प्रश्न टाकायच्या प्रश्नपेटीतही बारकावे आहेत. प्रश्न असलेल्यांनीच चिठ्ठी टाकायची असेल, तर पेटी रिकामी राहते, कारण उठणारा प्रत्येक जण दिसतो. सगळ्यांना एकाच मापाचा कागद द्यावा. ज्याला प्रश्न नसेल त्याने फळ्यावरचं एखादं लांब वाक्य उतरवावं, म्हणजे सगळ्यांची पेनं सारखाच वेळ चालतात. चिठ्ठ्या तिथल्या तिथे उघडू नयेत. घरी वाचाव्यात, वाक्यरचना बदलून घ्यावी आणि पुढच्या तासाला उत्तरं द्यावीत. खोडसाळ वाटणाऱ्या चिठ्ठीतही बऱ्याचदा खरा प्रश्न दडलेला असतो. तेवढा भाग उचलावा.

एखादी चिठ्ठी मात्र पुढच्या तासापर्यंत थांबू शकत नाही: ‘घरी मला मारतात’, ‘जगावंसं वाटत नाही’. चिठ्ठी निनावी असली, तरी शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी दाखवावी. म्हणूनच पहिल्याच तासाला सांगून ठेवावं, की कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती गोष्ट गुपित राहणार नाही. कुणी समोर येऊन बोललं, तर ऐकून घ्यावं. ‘त्यानेच केलं ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, कारण पुढच्या चौकशीत त्यांनीच मुलाचं म्हणणं कमकुवत होतं. मूल गेल्यावर लगेच, त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं.