सात मिलिमीटर सरकलेला उतार

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ हा रडार उपग्रह अवकाशात गेला आणि ‘आता दरड कुठे नि कधी कोसळणार ते आधीच कळेल’ असे बोलले जाऊ लागले. २०१४ साली याच तारखेला पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले होते, त्यामुळे ही आशा मला समजते. पण त्यातले ‘कुठे’ बरेचसे खरे आहे, ‘कधी’ मात्र नाही. मुंबईत या फरकावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

१२ जुलै २००० ला घाटकोपरचे आझादनगर, २६ जुलै २००५ ला साकीनाका, १८ जुलै २०२१ ला चेंबूरचे भारतनगर आणि विक्रोळीचे सूर्यनगर. या सगळ्या दरडी जुलैतल्या. या दिवसांत कॅमेऱ्याच्या उपग्रहाला मुंबईच्या जागी बहुधा पांढरा ढगच दिसतो. रडारचे तसे नाही. ते स्वतः सूक्ष्मलहरी सोडते, त्या ढगांतून पार जातात, जमिनीवर आपटतात आणि परततात. दिवस-रात्र त्याला सारखीच.

खरी गंमत पुढे आहे. परतलेल्या लहरीचा जोर तर मोजला जातोच, शिवाय ती आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर होती तेही नोंदले जाते. शाळेत यालाच आपण लहरीची ‘कला’ म्हणतो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. समजा, दोन फेऱ्यांमधल्या बारा दिवसांत एखादा उतार उपग्रहापासून ७ मिलिमीटर दूर सरकला. लहरीला जाताना ७ आणि येताना ७, असे १४ मिलिमीटर जास्त कापावे लागले. म्हणजे तरंगलांबीचा बरोबर चौथा हिस्सा. कला ९० अंशांनी बदलली. दोन फेऱ्यांच्या कलांची वजाबाकी केली की सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून मिलिमीटरांतली हालचाल हाती लागते. मला आजही हे अद्भुत वाटते.

अडचण अशी की कला म्हणजे तासकाटा नसलेले घड्याळ. मिनिटे अचूक कळतात, किती तास उलटले ते कळत नाही. सेंटिनेलमध्ये जमीन २.८ सेंटिमीटर सरकली की काटा पुन्हा मूळ जागी. म्हणून शेजारच्या बिंदूंशी आणि आधीच्या तारखांशी ताडून काट्याच्या पूर्ण फेऱ्या मोजाव्या लागतात. त्यात मुंबईची दमट हवा. बाष्पामुळे लहर किंचित मंदावते आणि जमीन न हलताच काही सेंटिमीटर हलल्यासारखी भासते. यावर उपाय म्हणजे एक जोडी न घेता अनेक महिन्यांच्या प्रतिमांची चळत घेणे. हवेची चूक दर तारखेला वेगळी असते, रांगणारा उतार मात्र एकाच दिशेने रांगतो. या चळतीतून वर्षानुवर्षे स्थिर प्रतिसाद देणारे बिंदू निवडतात. झाडीत ते फारसे मिळत नाहीत, कारण पाने हलतात. शहरात भिंत आणि जमीन यांच्या काटकोनात लहर दोनदा आपटून आल्या वाटेने परतते, म्हणून डोंगरावर चढलेली वस्तीच त्या डोंगराची हालचाल सांगू लागते.

तरी मर्यादा मोठ्या आहेत. सेंटिनेलच्या प्रतिमेतला एक ठिपका साधारण ५ मीटर बाय २० मीटरचा, आणि दहा बाय दहा फुटांच्या खोल्या त्यात कितीतरी मावतात. शिवाय उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतो आणि बाजूला पाहतो; त्यामुळे थेट उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे घसरणारा उतार त्याला जवळजवळ स्थिरच वाटतो. निसारची लांब लहर, सुमारे २४ सेंटिमीटरची, झाडीतून अधिक चांगली टिकते, पण तोही बारा दिवसांनीच त्या जागी परततो.

मुंबईतल्या दरडी बहुतेक उथळ असतात. झिजलेल्या बेसाल्टवरचा मुरूम, त्यावर टाकलेला भराव, त्यात मुरलेले पाणी. पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून उचलतो, घर्षण घटते, आणि काही तासांच्या मुसळधार पावसात, कधी काही मिनिटांत, सगळे खाली येते. बारा दिवसांनी येणारा पाहुणा याची वेळ कशी सांगणार? वेळेच्या इशाऱ्यासाठी पर्जन्यमापक आणि उतारातल्या पाण्याचा दाब मोजणारी नळीच हवी.

दुर्घटनेनंतर ‘डोंगराचा कोप’ हमखास ऐकू येतो. मला त्याची चीड येते, कारण कोप म्हटले की पायथा कोणी खणला हा प्रश्नच मागे पडतो. आणि खणलेला पायथा अंतराळातून दिसतो. इस्रोच्या कार्टोसॅटसारख्या उपग्रहाने दोन कोनांतून घेतलेल्या जोडप्रतिमांवरून उताराचा त्रिमितीय नकाशा होतो. जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवली की कुठे कडा उभा तासला, कुठला नाला बुजवला, वस्ती किती वर सरकली ते उघड होते. त्यावर रडारचे रांगणारे बिंदू टाकले की आधी कुठे जायचे याची यादी तयार होते.

ती यादी वॉर्ड कार्यालयात मेपूर्वी पोहोचली पाहिजे, कारण पुढचे काम पायी करायचे आहे. संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोके मातीने, प्लास्टिकने बुजलेली असतात. मागे पाणी साचते आणि मातीसोबत पाण्याचाही दाब भिंतीवर येतो. ही भोके कोणत्याही उपग्रहाला दिसत नाहीत. काठी घालूनच ती तपासावी लागतात.