एलटीव्हीवर राहणाऱ्यांना नागपुरात उपचार: कोणता कागद कुठे चालतो, कुठे अडतो

जरीपटक्यातल्या एका आजींच्या ऑपरेशनसाठी त्यांचा मुलगा आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाच्या, खिडकीवरून तीनदा परत आला. दर वेळी उत्तर तेच: "रेशनकार्ड आणा." हे कुटुंब सिंधमधून आलेलं, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर म्हणजे एलटीव्हीवर राहणारं. त्यांच्याकडे रेशनकार्ड येणार कुठून? खिडकीतल्या माणसाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्यांचे दोन आठवडे वाचले असते.

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात, म्हणून आधी हेच समजून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. ते नसेल तर अधिवासाचा दाखला चालतो, असं ऐकून लोक सेतू केंद्राकडे धावतात. पण त्या दाखल्याचं पूर्ण नाव वाचा: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. त्यात अर्जदार भारतीय नागरिक असल्याचं नमूद करावं लागतं. एलटीव्हीधारकाला तो मिळत नाही, आणि एजंटला पैसे देऊन मिळवलात तर पुढे नागरिकत्वाचा अर्जच धोक्यात येईल. कृपा करून हे करू नका.

पण योजना मिळत नाही म्हणजे उपचार मिळत नाहीत, असं नाही. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपर काढायला नाव, वय आणि पत्ता पुरतो. मात्र 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं, हे अर्धंच खरं आहे. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, त्यामुळे तिथे शुल्क लागतं. बाळंतपणासाठी डागा रुग्णालय त्या मोफत निर्णयात बसतं. मेडिकलमध्ये तपासण्यांचे पैसे जमत नसतील तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. ते पद त्यासाठीच आहे, आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

खासगीत जावंच लागलं, तर ते धर्मादाय रुग्णालय आहे का, हे आधी विचारा. अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर मोफत, 3,60,000 पर्यंत असेल तर सवलत. इथे अडतं ते तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. रुग्ण भरती झाल्यावर त्यामागे धावू नका. घरात कोणाला जुना आजार असेल तर आजच भाडेकरार, वीजबिल आणि एलटीव्हीची प्रत जोडून अर्ज टाका. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र कागद आणि पैसे दोन्ही नंतर. कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणातच स्पष्ट केलं आहे.

आता तारखांचं. एलटीव्हीधारकाला आधार मिळतं, पण त्याला मुदत असते आणि ती व्हिसाबरोबर संपते. खिडकीवर आधार चाललं नाही की लोक मशीनला दोष देतात. आधी एलटीव्हीची तारीख बघा. नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज तारखेच्या बराच आधी भरा, आणि अर्जाची पावती म्हणजे मंजुरी नव्हे, हे लक्षात ठेवा. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा कित्येकांनी भीतीपोटी दवाखान्यात जाणंच बंद केलं. हिंदूंना दिलेले एलटीव्ही तेव्हाही वैध होते.

अशीच भीती भरतीच्या वेळी असते. परदेशी नागरिक दाखल झाला की त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे. ती तक्रार नाही. पोलिसांना कळवतील म्हणून कोणी दुसऱ्याच नावाने भरती झालं, तर डिस्चार्ज कार्ड, बिल, पुढचे सगळे कागद चुकतात आणि ते निस्तरता निस्तरत नाहीत. पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा.

गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतून येणाऱ्या तिबेटी रुग्णांनी एलटीव्हीऐवजी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावं आणि त्यावरची मुदत तपासावी. ज्यांचा जन्म 26 जानेवारी 1950 नंतर पण 1 जुलै 1987 पूर्वी भारतात झाला, ते जन्माने नागरिक ठरतात. तसं असेल तर नागरिक म्हणूनच कागद काढा. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड ओळखीला उपयोगी पडतं, पण भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नसल्याने त्यावर योजनेचा हक्क सांगता येत नाही.

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालेल्यांनी ते कपाटात ठेवून देऊ नये. आधार अद्ययावत करून लगेच रेशनकार्डासाठी अर्ज करा, म्हणजे पुढच्या आजारपणात योजना हाताशी असेल. केंद्र सरकारच्या सप्टेंबर 2025 च्या आदेशात 31 डिसेंबर 2024 पर्यंत भारतात आलेल्यांचा उल्लेख वाचून अनेकांना वाटलं की आपण नागरिक झालो. तो आदेश पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट देतो, नागरिकत्व देत नाही.

बाळ झालं असेल तर जन्मनोंद 21 दिवसांत करा आणि बाळासाठी एलटीव्हीचा अर्ज वेगळा भरा. लस मात्र कोणत्याही कागदासाठी थांबवू नका.