गाव आणि पारधी बेडा: दुराव्यामागचा इतिहास

अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांत अनेक गावांच्या कडेला ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर फासेपारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. गावात बकऱ्या किंवा विहिरीवरचा मोटरपंप चोरीला गेला की संशय आधी बेड्यावर जातो. गावकऱ्यांना हा जुना अनुभव वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळं सरकारी नोंदवहीत आहेत.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्खी जमातच गुन्हेगार ठरवायची, माणसांची नावं नोंदवायची, त्यांना ठाण्यात हजेरी लावायला लावायची, पासाशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही. १९११ मध्ये कायदा आणखी व्यापक झाला आणि मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचा अधिकारही त्यात होता. पाळण्यातल्या पोरावर शिक्का मारणारा याहून क्रूर कायदा मला माहीत नाही.

खरं तर पारध्यांचं गावाशी देणंघेणं होतं. तितर-लावे फाशात धरून ते विकत, त्यांच्यातले टाकणकार घरोघरी जात्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं त्यांचे दगड खरबरीत करून, देत. गिरण्या आल्या आणि टाकीचं काम सुटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. ती बंदी गरजेची होती, पण फासे टाकून दिल्यावर या माणसांनी खायचं काय, याची सोय झाली नाही. हातात ना शेती, ना सातबारा.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी जुना कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मात्र लगेच प्रांतोप्रांती सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात असताना, १९५९ मध्ये, तिथंही असा कायदा झाला. आता जमातीऐवजी व्यक्तीकडे बघायचं होतं, पण ठाण्यातली नजर तीच राहिली आणि गावानं ती उचलली.

पारधी अनुसूचित जमातीत आहेत. पण प्रमाणपत्राला १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. पालं घेऊन फिरणाऱ्यानं तो आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून सवलत नाही, घरकुलही अडतं.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले या पारधी शिक्षकानं भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. समृद्धी महामार्गासाठी तिचाही काही भाग पाडला गेला.