वाहनचालन ॲप

वाहनचालन ॲप म्हणजे गाडी चालवताना, किंवा चालवण्याच्या आधी-नंतर, चालकाच्या उपयोगी पडणारे स्मार्टफोनवरील ॲप. काही ॲप रस्ता दाखवतात, काही पुढच्या कोंडीची सूचना देतात. काही चालवण्याची पद्धत मोजून गुण देतात, काही गाडी चालू असेपर्यंत फोन गप्प ठेवतात, तर काही अपघात ओळखून मदत मागवतात. यांतली दोनतीन कामे बहुधा एकाच ॲपमध्ये असतात. चालकाचे लक्ष उडवण्याबद्दल जे उपकरण बदनाम आहे, त्याच उपकरणात राहून या ॲपना चालकाची काळजी घ्यायची असते. रस्तासुरक्षेवरील त्यांचा परिणाम तपासताना ही अडचण पदोपदी आड येते.

फोन आणि अपघात यांचा संबंध स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. रिडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी १९९७ साली टोरांटोतील चालकांच्या फोननोंदी तपासल्या. फोन वापरत असताना टकरीचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने तो कमी झाल्याचे दिसत नाही, असे त्यांना आढळले. हातापेक्षा मनच अधिक गुंतते, ही समजूत पुढील संशोधनाने पक्की केली. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर यांच्या गटाने २०१५ साली आवाजी आज्ञा घेणाऱ्या प्रणाली तपासल्या. त्यांतल्या काहींच्या बाबतीत आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचे लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. तेव्हा ‘आवाजावर चालते, म्हणून सुरक्षित’ हा ॲपच्या जाहिरातीतला दावा जपूनच घ्यावा.

नजरेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. गाडीत बसवलेल्या पडद्यांसाठी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार रस्त्यावरून हटलेली एक नजर साधारण दोन सेकंदांत आणि पूर्ण काम एकूण बारा सेकंदांच्या नजरेत आटोपले पाहिजे. चालत्या गाडीत नवा पत्ता टंकायचा म्हटले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणूनच गाडी हलू लागताच टंकन बंद करण्याची सोय नकाशाच्या कितीतरी आकर्षक सोयींपेक्षा मोलाची ठरते.

तरीही मार्गदर्शक ॲप सरसकट घातक ठरवणे अन्यायाचे होईल. वाट चुकलेला चालक ऐनवेळी मार्गिका बदलतो, चौकात रेंगाळतो, एका हाताने कागदी नकाशा उलगडतो. पुढील वळण वेळेत ऐकू आले तर यातले बरेच टळते. मात्र वाहतुकीची ताजी माहिती पुरवणाऱ्या वेझसारख्या ॲपमध्ये अडथळ्याची नोंद वापरणाऱ्यांनीच करायची असते. चालत्या गाडीत असे ॲप ‘तुम्ही प्रवासी आहात का?’ असे विचारते. खोटे उत्तर द्यायला एक बोट पुरते. वेळ वाचवण्यासाठी सुचवलेल्या आडवाटेचा भार निवासी गल्ल्यांवर पडतो तो वेगळाच. न्यू जर्सीतील लिओनिया या गावाने २०१८ साली गर्दीच्या वेळी बाहेरच्या वाहनांना आपले अनेक रस्ते बंद केले, ते याच कारणाने.

वेगतपासणी कॅमेऱ्याची आगाऊ सूचना हा वादाचा विषय आहे. चालक तेवढ्यापुरता वेग कमी करतो आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा वाढवतो, असा आक्षेप असतो. जर्मनीत चालकाने अशी सूचना देणारे ॲप वापरण्यास मनाई आहे. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा न दाखवता ‘धोक्याचा पट्टा’ दाखवला जातो.

विमा कंपन्यांच्या गुणमोजणी ॲपमध्ये उपग्रहांवरून कळणारा वेग आणि फोनमधील प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा) व घूर्णदर्शी (वळण मोजणारा) यांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. त्यांवरून करकचून लावलेला ब्रेक, झटक्याने घेतलेले वळण आणि हातातल्या फोनची हालचाल ओळखतात. फोन खिशात, पिशवीत, आसनावर कसाही पडलेला असतो, त्यामुळे आधी गाडीची दिशा कोणती हे गणिताने ठरवावे लागते. गाडी फोनधारक चालवत होता की शेजारी बसला होता, हे तर अंदाजानेच ठरते. अचानक रस्त्यावर आलेल्या मुलाला वाचवण्यासाठी लावलेला ब्रेकही गुण कमी करू शकतो. वाईट चालवण्याची ती खूण मानली जाते, पण त्या क्षणी तेच उत्तम चालवणे असते. गुणांमुळे सुरुवातीला चालक सावध होतात. ही सावधगिरी टिकवायची तर हप्त्यातील सवलतीसारखे काहीतरी हाताला लागावे लागते.

रचनेचा दोषही जिवावर बेतू शकतो. स्नॅपचॅट या छायाचित्रे पाठवण्याच्या ॲपमध्ये छायाचित्रावर चालू वेग उमटवण्याची सोय होती. अधिक मोठा आकडा मिळवण्याच्या नादात तरुण चालक वेग वाढवतात, असा आरोप असलेला दावा २०२१ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने चालू ठेवण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी कंपनीने ती सोय काढून टाकली.

अपघात ओळखणारी सोय गूगलच्या पिक्सेल फोनवर २०१९ साली आणि ॲपलच्या आयफोन १४ मध्ये २०२२ साली आली. ती अपघात टाळत नाही. बेशुद्ध चालकापर्यंत रुग्णवाहिका लवकर पोहोचावी, एवढेच तिचे काम. आयफोनच्या बाबतीत सुरुवातीला बर्फावर घसरणाऱ्यांच्या आणि जत्रेतील वेगवान पाळण्यांत बसलेल्यांच्या खिशांतूनही आपत्कालीन फोन लागत होते. मदत मागवण्यापूर्वी पडद्यावर उलटी मोजणी चालते. भानावर असलेल्या चालकाला तेवढ्या वेळात फोन रद्द करता येतो.