यूकेत आयडीपीवर (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर) कितीही वर्षं गाडी चालवता येते? नाही हो!

'भारतातून इंटरनॅशनल परमिट मागवत राहा, यूकेत लायसन्स काढायची गरजच नाही' हे दरवर्षी कोणीतरी नवीन आलेल्यांना सांगतंच, आणि ते साफ चुकीचं आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये तुम्ही रहिवासी झालात त्या दिवसापासून फक्त 12 महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, परमिट नवीन काढलं किंवा मधे पुण्याला जाऊन आलात म्हणून ते परत शून्यापासून सुरू होत नाहीत. आणि जपान-ऑस्ट्रेलियावाल्यांसारखं लायसन्स बदलूनही मिळत नाही, भारत त्या यादीत नाहीये, मग गाडी 20 वर्षं चालवलेली असली तरी थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं. थिअरीत 50 पैकी 43 बरोबर लागतात, शिवाय हॅझर्डचे, म्हणजे रस्त्यावरचे धोके ओळखायचे, व्हिडिओ वेगळे.

वर्ष उलटल्यावर तसंच चालवलं तर इन्शुरन्स धोक्यात येतो, पोलीस गाडी जप्त करू शकतात, आणि अपघात झाला तर काय होईल विचार करा, कृपा करून हे हलक्यात घेऊ नका! प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ) लायसन्ससाठी आल्या आल्या अर्ज करा, कारण प्रॅक्टिकलची तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात. वर्षाच्या आत पास नाही झालात तर मग एल प्लेट लावून, शेजारी जाणकार ड्रायव्हर बसवूनच चालवावी लागते.