माडाची उंची आणि पंधरावं शिखर

आमच्या परसातला माड नेमका किती उंच, हा वाद दरवर्षी नारळ उतरवायच्या दिवशी निघतो. यंदा मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मध्यबिंदूच्या भोकात दोरा ओवला आणि खाली एक नट बांधला. झाला ओळंबा! कोनमापकाच्या सरळ कडेवरून माडाचा शेंडा धरला, तर दोरा 50 वर थांबला. 90 मधून 50 गेले, उरले 40. डोळ्यासमोरची आडवी रेषा आणि शेंड्याकडे गेलेली नजर यांच्यामधला हा कोन म्हणजे उन्नत कोन.

बुंध्यापासून मी 15 मीटरवर होतो. काटकोन त्रिकोणात कोनासमोरच्या बाजूला लगतच्या बाजूने भागलं की टॅन मिळतो. 40 अंशांचा टॅन 0.839, त्याला 15 ने गुणून 12.6 मीटर. त्यात जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचा दीड मीटर मिळवायचा (हा विसरला की माड तेवढाच खुजा होतो). एकूण 14.1. वर चढलेल्या गड्याने शेंड्यापासून दोर सोडला, तो भरला 13.6.

सूत्र चुकलं नव्हतं. कोन 39 अंश धरला असता तर उत्तर जवळपास दोराइतकंच आलं असतं. हात हलला, एक अंश सरकला, अर्धा मीटर गेला. पाठ्यपुस्तकातले मनोरे मात्र कायम 30, 45 नाहीतर 60 अंशांतच उभे असतात!

आता हीच चूक 180 किलोमीटरवरून केली तर? भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणापुढे नेमका हाच पेच होता. नेपाळमध्ये शिरायची परवानगी नव्हती. म्हणून 1849-50 मध्ये जेम्स निकोल्सन यांनी तराईच्या सपाटीवरूनच थिओडोलाइट (दुर्बीण बसवलेलं कोन मोजायचं यंत्र) लावून ‘शिखर 15’चे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन मोजले. शिखराच्या पायथ्याशी जाऊन अंतर मोजणं शक्य नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. ज्यांच्यामधलं अंतर माहीत आहे अशा दोन ठिकाणांवरून शिखराची दिशा धरली की त्रिकोण पुरा होतो आणि अंतर हिशेबातून निघतं.

इतक्या लांबून जगातलं सर्वांत उंच शिखर क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश दिसतं. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा अडीच किलोमीटरचा भाग नजरेच्या आडव्या रेषेखालीच जातो. तो हिशेबात परत मिळवावा लागतो. आणि कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तरी उंची 52 मीटरने हलते.

सगळ्यात लबाड निघाली ती हवा. खालची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे शिखरावरून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि शिखर असतं त्याहून वर दिसतं. हे वक्रीभवन न धरता निकोल्सन यांच्या नोंदींतून सरासरी उंची आली 30,200 फूट. सर्वेक्षणातले राधानाथ सिकदार आणि इतर गणकांनी ते वजा करत आकडेमोड केली, आणि 1856 मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी आकडा जाहीर केला: 29,002 फूट, म्हणजे 8,840 मीटर. नुसत्या हवेने साडेतीनशेहून जास्त मीटर फुगवले होते.

2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली एव्हरेस्टची उंची आहे 8,848.86 मीटर. फरक नऊ मीटरचा. 180 किलोमीटरवरून पाहिलं तर तो भरतो अंशाचा साधारण साडेतीनशेवा भाग. माझ्या कोनमापकावर अर्ध्या अंशाचीही रेघ नाही.